हिवाळी धुरके रात्रीत का चढते आणि तासाभरात का उतरते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावरचे सगळे आकडे पीएम २.५ चे, म्हणजे २.५ मायक्रोमीटरपेक्षा बारीक कणांचे आहेत. एकक मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे, ते दरवेळी लिहिलेले नाही. हवेच्या गुणवत्तेच्या निर्देशांकाचा (एक्यूआय) आकडा वेगळा असतो. त्याबद्दल पुढे एक प्रश्न आहे.

काल दुपारी ७० असलेला आकडा आज पहाटे २६० झाला. रात्रीतून एवढे काय जाळले?

बहुधा वेगळे काहीच जाळले नाही. शहर रोज जवळपास तेवढाच धूर सोडते. बदलते ती त्या धुराला मिळणारी जागा. जमिनीलगतची हवा ज्या उंचीपर्यंत घुसळली जाते त्या थराला मिश्रण थर म्हणतात. हिवाळ्यात दुपारी हा थर साधारण ८०० ते १२०० मीटर उंच असतो, तर निरभ्र रात्री तो ५० ते २०० मीटरवर येतो. माणसे तेवढीच आणि खोली मात्र एकदम बुटकी, असा प्रकार.

हिशेब करून पाहू. शहराच्या प्रत्येक चौरस मीटरमधून सेकंदाला १ मायक्रोग्रॅम कण निघतात असे धरा. १०० चौरस किलोमीटरच्या शहरासाठी हे दिवसाला साधारण ८.६ टन होतात. तासाला एका चौरस मीटरमागे ३६०० मायक्रोग्रॅम जमतात. थर १००० मीटरचा असेल तर आकडा तासाला ३.६ ने वाढेल, आणि वारा तेवढे सहज वाहून नेईल. थर १५० मीटरचा झाला की तीच वाढ तासाला २४ होते. वारा पडलेला असेल तर ८ तासांत १९२ ची भर पडते. ७० चे २६२ असे होतात.

मिश्रण थराची उंची गुणिले वाऱ्याचा सरासरी वेग हा हवेच्या निचऱ्याचा सर्वांत कामाचा एकच आकडा आहे. दुपारी १२०० मीटर आणि सेकंदाला ५ मीटर वारा असेल तर गुणाकार ६००० येतो. रात्री १५० मीटर आणि १ मीटर असेल तर १५०. म्हणजे फरक ४० पटींचा. दिल्लीच्या प्रदूषण-अंदाजात हा गुणाकार ६००० च्या खाली आणि वारा ताशी १० किलोमीटरपेक्षा कमी असेल, तर कण पांगायला परिस्थिती प्रतिकूल धरतात.

तापमान उलटे होणे म्हणजे नेमके काय होते?

एरवी वर जावे तसे गार होत जाते, दर १०० मीटरला ०.६ ते १ अंश. खालची हवा तापून हलकी होते, वर जाते आणि सोबत धूर नेते. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने आकाशाकडे टाकते. तिला चिकटलेली हवा गार आणि जड होते, आणि तिच्यावर ऊबदार हवेचे झाकण बसते. खालच्या हवेला मग वर जाण्याचे कारणच उरत नाही.

हे डोळ्यांनी पाहता येते. थंडीत सकाळी ७ च्या सुमारास उंच मजल्यावरून एखादी बुटकी चिमणी किंवा शेकोटी न्याहाळा. धूर सरळ वर चढतो, एका उंचीवर अडखळतो आणि छताला टेकल्यासारखा आडवा पसरतो. क्षितिजावर त्याच उंचीला तपकिरी पट्टा दिसेल. त्याची वरची कड पट्टीने आखल्यासारखी असते. झाकण तिथे आहे.

झाकणे एकाच प्रकारची नसतात. रात्रीच्या गारव्याने बसलेले झाकण उन्हाने सकाळी १० ते ११ पर्यंत सुटते. उच्च दाबाच्या क्षेत्रात वरची हवा हळूहळू खाली बसते आणि दबून तापते. हे झाकण ५०० ते १५०० मीटरवर असते, पण दिवसचे दिवस हलत नाही. डोंगरांनी वेढलेल्या खोलगट शहरात उतारांवरची गार हवा रात्री तळाशी साचते. तिथे बर्फ पडलेला असेल तर ऊन परावर्तित होते, जमीन तापतच नाही आणि थंड हवेचे ते तळे आठवडाभरही टिकते. चौथा प्रकार फसवा आहे. थंड हवेच्या डोक्यावरून बाहेरची ऊबदार हवा सरकते. खाली थंडी तशीच असते, पण वर झाकण जाड होते. 'थंडी कमी होणार' असा अंदाज आला की लोक खूश होतात. त्याच्या आदल्या रात्री आकडे तपासावेत.

ऊन पडल्यावर आकडा उतरायला हवा. मग ८ ते १० मध्ये तो आणखी का चढतो?

तीन गोष्टी एकावर एक येतात. वाहनांची सकाळची गर्दी झाकण सुटायच्या आधीच सुरू होते, शिवाय गार इंजिन पहिल्या काही मिनिटांत जास्त धूर सोडते. दुसरे म्हणजे पहाटे आर्द्रता सर्वाधिक असते आणि कण पाणी पिऊन बसलेले असतात.

तिसरे कारण कमी लोकांना ठाऊक असते. उंच चिमण्यांचा आणि दूरवरून आलेला धूर रात्रभर झाकणाच्या वर, ३०० ते ५०० मीटरवर तरंगत असतो. तो खाली मोजला जात नाही. ऊन जमीन तापवते, घुसळण खालून वर चढत त्या पट्ट्याला भिडते आणि तो सगळा माल तासाभरात खाली उतरतो. सल्फर डायऑक्साइडचा आलेख ९ ते ११ मध्ये टोक दाखवत असेल तर हेच घडले आहे, कारण हा वायू वाहनांतून फारसा येत नाही, चिमण्यांतून येतो. घुसळण त्या पट्ट्याच्याही वर गेली की मग आकडे उतरू लागतात.

संध्याकाळी ७ नंतर पुन्हा का?

सूर्य मावळायच्या आधीच जमीन गार व्हायला लागते आणि झाकण परत बसते. त्याच वेळी वाहने, चुली, शेकोट्या आणि उघड्यावर जाळलेला कचरा एकत्र येतात. दिवसाचा नीचांक दुपारी २ ते ४ आणि उच्चांक रात्री ९ ते १ किंवा सकाळी ७ ते १०, हा हिवाळ्याचा नेहमीचा आकार आहे. हा आकार मोडला की वेगळे काहीतरी घडतेय असे समजावे.

चार-पाच दिवस आकडा पायरी-पायरीने चढतो आणि एका रात्रीत कोसळतो. असे का?

रोजचा चढउतार हा झाकणाचा खेळ आहे, तर हा कित्येक दिवसांचा करवतीच्या दात्यासारखा आलेख हवेच्या दाबाच्या यंत्रणांचा. उच्च दाब येऊन बसतो, वारा पडतो, दुपारचे मिश्रणही तोकडे राहते. प्रत्येक दुपारी थोडा धूर शिल्लक राहतो आणि पुढची रात्र त्या शिलकीपासून सुरू होते. मग थंड हवेची आघाडी, म्हणजे पुढे सरकणाऱ्या थंड हवेची पुढची कड, येते. तिच्यामागे कोरडा, जोरदार वारा असतो आणि ती गार जड हवा साचलेल्या हवेच्या खाली घुसून तिला ढकलून देते. आघाडी शहरावरून जायला तास-दोन तास लागतात. चढायला पाच दिवस लागतात आणि उतरायला दोन तास, ते यामुळे.

बीजिंगचा हिवाळा याचे सर्वांत अभ्यासलेले उदाहरण आहे. दक्षिणेकडून मंद, दमट वारा आला की धुरके भरत जाते आणि वायव्येचा कोरडा वारा सुटला की साफ. १२ जानेवारी २०१३ ला तिथल्या अमेरिकी दूतावासाच्या यंत्रावर ताशी आकडा ८८६ वर गेला होता. लंडनचे ५ ते ९ डिसेंबर १९५२ चे धुरकेही उच्च दाबाखाली कोंडलेल्या कोळशाच्या धुराचे होते. त्यातल्या मृत्यूंचा सुरुवातीचा अंदाज ४००० होता, नंतरच्या अभ्यासात तो १२,००० पर्यंत गेला. वारा बदलला आणि ते संपले.

वाहने जवळपास बंद असतानाही दाट धुरके पडते, ते कसे?

कारण पीएम २.५ चा मोठा भाग धुराड्यातून कण म्हणून निघतच नाही, तो हवेत तयार होतो. सल्फर डायऑक्साइडपासून सल्फेट, नायट्रोजनच्या ऑक्साइडांपासून नायट्रेट आणि सेंद्रिय वाफांपासून सेंद्रिय कण बनतात. शेती, जनावरे आणि सांडपाणी यांतून येणारा अमोनिया त्यांतल्या आम्लांना मिठांत बांधतो.

झपाट्याच्या वाढीत नायट्रेट पुढे असते. अमोनियम नायट्रेट तापमानाबाबत फार हळवे आहे. २०-२५ अंशांपुढे ते बरेचसे वायूरूपात परत जाते. तापमान १० अंशांखाली आणि हवा दमट असेल तर कणातच थांबते. रात्री ते वेगळ्या वाटेने बनते. नायट्रोजन डायऑक्साइड आणि ओझोन मिळून डायनायट्रोजन पेंटॉक्साइड तयार होते आणि ते ओल्या कणावर बसून नायट्रेट होते. जमिनीलगत वाहनांचा नायट्रिक ऑक्साइड ओझोन खाऊन टाकतो, त्यामुळे ही क्रिया बऱ्याचदा झाकणाच्या वर चालते आणि तयार माल सकाळी खाली येतो.

२०२० च्या जानेवारी-फेब्रुवारीत महासाथीमुळे उत्तर चीनमधली वाहतूक कोसळली, नायट्रोजन डायऑक्साइड मोठ्या प्रमाणात घटला, तरी तिथे दाट धुरके पडले. वारा मंद होता आणि आर्द्रता जास्त. शिवाय ओझोन खाणारा नायट्रिक ऑक्साइड कमी झाल्याने ओझोन वाढला आणि उरलेल्या वायूंचे कणांत रूपांतर वेगाने झाले. यावरून 'वाहनांचा संबंधच नाही' असा निष्कर्ष काढणारे भेटतात. तो चुकीचा आहे. एकच वायू कमी केला आणि बाकीचे तसेच ठेवले तर हिशेब सरळ रेषेत उतरत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आर्द्रता वाढली की धुरके का दाटते?

अमोनियम सल्फेटचा एक कोरडा कण घ्या. आर्द्रता ६० टक्के असताना तो खडा असतो. ८० टक्क्यांच्या आसपास तो अचानक विरघळून थेंब होतो आणि ९० टक्क्यांना त्याचा व्यास कोरड्याच्या सुमारे १.७ पट, म्हणजे घनफळ जवळजवळ ५ पट होते. अमोनियम नायट्रेट त्याहून लवकर, २५ अंशांना ६२ टक्क्यांच्या सुमारासच पाणी धरते. प्रत्यक्ष हवेतल्या मिश्र कणांत ही पायरी एवढी ठळक नसते, पण दिशा तीच. दिल्लीच्या हिवाळी हवेत अमोनियम क्लोराइडही बरेच आढळते. कचरा-प्लास्टिक जाळण्यातून आणि काही उद्योगांतून येणारे हायड्रोक्लोरिक आम्ल त्याच्या मुळाशी असते. तेही पाणी ओढण्यात पटाईत आहे.

फुगलेला कण प्रकाश जास्त विखुरतो, म्हणून कणांचे कोरडे वजन तेवढेच असूनही समोरची इमारत दिसेनाशी होते. हा नुसता दृष्टीचा भाग नाही. ओल्या कणाच्या आत रासायनिक क्रियाही वेगाने चालतात. सल्फर डायऑक्साइडचे सल्फेट व्हायला कोरड्या हवेत आठवडाभर लागतो, थेंबात काही तास पुरतात.

हे धुके आहे की धुरके, कसे ओळखावे?

आर्द्रता पाहा. दृश्यता १ किलोमीटरपेक्षा कमी आणि आर्द्रता ९५ टक्क्यांपुढे असेल तर धुके. ८० च्या खाली असूनही समोरचे दिसत नसेल तर धुरके. मधल्या पट्ट्यात दोन्ही. धुके पांढरे असते आणि ऊन चढल्यावर विरते, तर धुरके तपकिरी-पिवळट असते आणि विरत नाही, पातळ होते.

धुरकेच धुरक्याला वाढवते, हे खरे का?

खरे आहे, पण ठरावीक जाडीपुढे. कण ऊन अडवतात, जमीन कमी तापते, घुसळण मंदावते, थर आणखी खाली बसतो. काजळी तर थराच्या वरच्या भागात ऊन शोषून तिथली हवा तापवते, म्हणजे झाकण आणखी पक्के करते. थर बुटका झाला की खालची ओलही कोंडते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वारा-धूर तसेच असूनही आकडा एकदम उसळतो त्यात या चक्राचा वाटा असतो. मात्र सुरुवात हे चक्र करत नाही. आधी वारा पडावा लागतो.

बाहेरून येणारा धूर किती महत्त्वाचा?

अंतराचा हिशेब करा. सेकंदाला ५ मीटर वारा म्हणजे ताशी १८ किलोमीटर, आठ तासांत १४४ किलोमीटर. रात्री जमिनीवर पान हलत नसले तरी ३०० मीटरवर असा वारा अनेकदा वाहत असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पंजाब-हरियाणातल्या भाताच्या काडाचा धूर वायव्येच्या वाऱ्याने दिल्लीत येतो तो याच हिशेबाने. वारा दिशा बदलतो तसा त्याचा वाटा एका दिवसात नगण्यपासून ठळकपर्यंत जातो. म्हणून 'बाहेरचा वाटा अमुक टक्के' असा हंगामाचा एकच आकडा एखाद्या विशिष्ट रात्रीला लावू नये.

पाऊस झाला, तरी आकडा उतरला नाही. का?

पावसाचा थेंब पडताना मोठी धूळ सहज झोडपतो, पण ०.१ ते १ मायक्रोमीटरचे कण त्याला चुकवतात. ते थेंबाभोवतीच्या हवेबरोबर बाजूने निघून जातात. पीएम २.५ चे बहुतेक वजन नेमके याच आकारांत असते. तास-दोन तासांचा जोराचा पाऊस परिणाम करतो. रिमझिम उलट नडते, कारण ती वारा न आणता ओल वाढवते आणि दुसऱ्या दिवशी धुरके जास्त दाट होते. पावसानंतर हवा स्वच्छ झाल्याचे श्रेय बऱ्याचदा त्यासोबत आलेल्या वाऱ्याचे असते.

दोन अ‍ॅपवर एकाच जागेचे आकडे वेगळे का?

आधी पट्टी पाहा. पीएम २.५ ची सरासरी १०० असेल तर भारतीय पट्टीवर निर्देशांक सुमारे २३० येतो, अमेरिकेच्या २०२४ पासूनच्या पट्टीवर सुमारे १८०.

मग कालावधी पाहा. भारतीय निर्देशांक २४ तासांच्या सरासरीवर आहे. १८ तास ८० आणि शेवटचे ६ तास ३०० असतील तर सरासरी १३५ येते, आणि तुम्ही ३०० ची हवा घेत असता. वारा सुटल्यावर उलटे होते. १८ तास ३०० आणि नंतर ६ तास ४० असतील तर सरासरी २३५ दिसते, पण बाहेर हवा छान झालेली असते. झपाट्याचे बदल समजून घ्यायचे असतील तर निर्देशांक बाजूला ठेवून ताशी आकडाच पाहावा.

शेवटी यंत्र. स्वस्त लेझर संवेदक हवा कोरडी न करता प्रकाशाचे विखुरणे मोजतात. आर्द्रता ८५ टक्क्यांपुढे गेली की ते फुगलेले पाणीही कण म्हणून मोजतात आणि दीडपट-दुप्पट आकडा दाखवू शकतात. संदर्भ केंद्रांवरची यंत्रे नमुना तापवून कोरडा करतात. जास्त तापवले तर नायट्रेट उडून आकडा कमी येतो, हा त्यांचा दोष.

माझ्या शहरातली उसळी कशामुळे, हे आकड्यांवरून कसे शोधू?

ताशी आकडे, वारा आणि आर्द्रता एकाखाली एक मांडा, आणि या क्रमाने पाहा.

१. सगळी केंद्रे एकदम चढली की एकच? एकच असेल तर कारण शेजारी आहे: कचऱ्याची आग, बांधकाम, जनरेटर. सगळी एकदम चढली तर झाकण. वाऱ्याच्या दिशेने एकामागून एक चढली तर बाहेरचा धूर.

२. पीएम २.५ ला पीएम १० ने, म्हणजे १० मायक्रोमीटरपेक्षा बारीक कणांच्या आकड्याने, भागा. ०.३ च्या आसपास असेल तर धूळ. ०.७ च्या पुढे असेल तर ज्वलन किंवा हवेत बनलेले कण.

३. कार्बन मोनॉक्साइड सोबत चढला का? दोन्ही सारख्या प्रमाणात चढले तर तोच धूर कोंडला आहे. पीएम २.५ तिप्पट आणि कार्बन मोनॉक्साइड दीडपट असेल तर कण हवेत तयार होत आहेत किंवा दुसरीकडून आले आहेत.

४. नायट्रिक ऑक्साइड भरपूर आणि ओझोन शून्याजवळ असेल तर ताजा, स्थानिक, कोंडलेला धूर. नायट्रिक ऑक्साइड नगण्य असून पीएम जास्त असेल तर जुनी हवा.

५. जवळच्या हवामान केंद्राच्या फुग्याची नोंद पाहा. हा फुगा वर जाताना उंचीनुसार तापमान मोजतो. जागतिक वेळेनुसार ००:०० आणि १२:०० अशा दोन वेळा फुगे सोडले जातात. तापमानाची रेषा खालून वर जाताना कुठवर उजवीकडे झुकते ते पाहा. झाकणाचा माथा तिथे आहे.

नेहमीची चूक म्हणजे पहिली पायरी न करता थेट कारण ठरवणे. एका केंद्राच्या ४०० वरून अख्ख्या शहराची बातमी होते आणि केंद्राशेजारी कोणीतरी पाला जाळत असते.

हवा शोषून गाळणारे मनोरे, पाण्याचे फवारे यांनी फरक पडतो?

सेकंदाला १००० घनमीटर हवा गाळणारा मोठा मनोरा घ्या. १०० चौरस किलोमीटर शहर आणि २०० मीटरचा थर म्हणजे २००० कोटी घनमीटर हवा. ती एकदा गाळायला २ कोटी सेकंद, म्हणजे २३१ दिवस लागतील, आणि तोवर शहर धूर सोडतच राहणार. फवाऱ्यांनी रस्त्याची जाड धूळ बसते, तेवढ्यापुरते ते ठीक आहेत. बारीक कणांवर परिणाम नगण्य असतो.

ऐनवेळी वाहने, बांधकामे बंद करून काय साधते?

वारा पडायच्या एक-दोन दिवस आधी आणि आसपासच्या जिल्ह्यांसह केले तर उच्चांक कमी होतो. आकडा ४०० ला पोचल्यावर केले तर साचलेले तसेच राहते. मूळ धूर कमी केल्याचा परिणाम मात्र ठोस असतो. बीजिंगची वार्षिक सरासरी २०१३ मधल्या ८९.५ वरून २०२१ मध्ये ३३ वर आली. उच्च दाब आणि झाकणे तिथे आजही येतात, पण त्यांना कोंडायला माल कमी मिळतो.

घरात काय करावे?

वेळ साधा. बंद घरातली हवा बाहेरच्या मागे एक-दोन तास असते, म्हणून संध्याकाळी ६ च्या आत खिडक्या लावा आणि दुपारी १ ते ४ मध्ये उघडा. आघाडीचा वारा सुटला की, रात्र असली तरी, लगेच उघडा. नाहीतर बाहेर ३० आणि आत १५० अशी हवा घेत बसाल. पळणे, फिरणे पहाटे ६ ऐवजी दुपारकडे सरकवा.

शुद्धीकरण यंत्र घेताना खोलीचे घनफळ काढा. १२ चौरस मीटर गुणिले २.७ मीटर उंची म्हणजे ३२.४ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा गाळायची तर यंत्राचा स्वच्छ हवेचा दर (सीएडीआर) १६२ घनमीटर प्रति तास हवा. यंत्रावर छापलेला हा दर सर्वाधिक वेगाचा असतो आणि त्या आवाजात कोणी झोपत नाही, म्हणून २५० च्या आसपासचे घेऊन मधल्या वेगावर चालवा. खिडकी उघडी ठेवून चालवल्यास उपयोग जवळपास संपतो. मुखपट्टी एन ९५ किंवा एफएफपी २ प्रतीची घ्या आणि नाकावरची पट्टी दाबून बसवा. श्वास सोडताना चष्म्यावर वाफ धरत असेल तर ती कडेने गळते आहे.